कापणाऱ्याचं देणं

साडीला चार कडा असतात, पण उसवतात त्यांतल्या दोनच. लांबीच्या दोन्ही अंगांना काठ असतो, आणि तिथे आडवा धागा तुटलेलाच नसतो. धोटा शेवटच्या उभ्या धाग्यापर्यंत जातो, त्याला वळसा घालतो आणि परत फिरतो. साडी विणून होईपर्यंत हेच. रुंदीच्या टोकांना मात्र विणकराला कापड मागावरून सोडवायचं असतं, तेव्हा तिथे कापावंच लागतं. कापलं की उभ्या धाग्यांची टोकं मोकळी लोंबू लागतात, आणि शेवटच्या आडव्या धाग्याला पुढून अडवणारं कुणी उरत नाही. तो सरकतो. त्याच्या मागचा सरकतो. पदराकडच्या टोकाला आपण गोंडे वळतो आणि त्या मोकळेपणाचं कौतुक करतो. कमरेला खोचायच्या टोकाला पिको करून आणतो आणि विसरून जातो.

कलकत्त्याच्या बालीगंजमध्ये राहायला आल्यावर हे विसरता येणं अवघड झालं. गडियाहाटच्या चौकातून रासबिहारी अॅव्हेन्यूवर कुठल्याही दिशेला वळा, साड्यांची दुकानं संपत नाहीत. आणि दुकानांच्या पायऱ्यांना लागून, फुटपाथवर, एखाद्या बोळाच्या तोंडाशी पिको-फॉल करून देणारी माणसं मशीन मांडून बसलेली असतात. दुर्गापूजेच्या आधीच्या दिवसांत त्यांच्यापुढे साड्यांचे गठ्ठे लागतात. आत दुकानात साडीच्या पोताची, बुट्टीची, रंगाची चर्चा तासभर चालते. बाहेर कडेचा हिशेब एका वाक्यात उरकतो: कधी मिळेल?

बंगालच्या सुती तांताच्या साडीला तर कडेची काळजी जास्तच लागते. तिचं सूत बारीक, वीण मोकळी. म्हणूनच ती इथल्या दमट उन्हाळ्यात अंगावर सोसते. विणकर सुताला साळीच्या लाह्यांची खळ देतात. ती खळ आहे तोवर कापलेली कड शहाण्यासारखी उभी राहते. पहिल्या धुण्यात खळ पाण्याबरोबर गेली, की कडेचं खरं रूप समजतं. अशा कापडाचा ब्लाउज शिवून घेतला आणि आतल्या शिवणी तशाच ठेवल्या, तर काही धुण्यांनंतर काखेत आणि कमरेशी शिवणीच्या पलीकडे कापडच उरत नाही. टीप जागेवर असते, धागाही मजबूत असतो. पण ज्यात ती टीप घातली ते कापड सरकून गेलेलं असतं.

मला हे नीट दाखवलं आमच्या इमारतीतल्या एका वृद्ध बाईंनी. सगळे त्यांना माशीमा म्हणत, मीही म्हणू लागले. तरुणपणी त्या एका मुलींच्या शाळेत शिवण शिकवत. बंगाली घरांत ‘शेलाई दिदिमोणी’ ही एक ठरलेली व्यक्तिरेखा आहे, जशा आपल्याकडे शिवणाच्या बाई. गणिताच्या बाईंना मुली घाबरतात. शिवणाच्या बाईंना घाबरत नाहीत, पण पन्नास वर्षांनी हात आठवतो तो शिवणाच्या बाईंचाच. माशीमांनी माझ्या ब्लाउजची उलट बाजू पाहिली, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाल्या, “बौमा (म्हणजे सूनबाई), कापड चांगलं घेतलंस. कड कुणाच्या भरवशावर सोडलीस?”

त्यांची पद्धत अशी. आधी कड कात्रीनं सारखी करायची. लोंबणारा धागा ओढायचा नाही, छाटायचा. ओढलेला धागा कधी एकटा येत नाही. मग कडेपासून थोडं आत एक बारीक धावदोरा घालायचा. हा बांध. कड पुढे उसवत आली तरी इथे तिला थांबावं लागतं. त्यानंतर सुई मागून पुढे काढत, दोरा कडेवरून वळवत तिरके टाके घालत जायचं. दोरा एकेरी, हातभर, त्याहून लांब नाही. लांब दोऱ्यानं वेळ वाचत नाही, गुंता वाढतो. सुरुवातीला गाठ मारायची नाही, जागच्या जागी दोन टाके घ्यायचे, म्हणजे अंगाला टोचत नाही.

आणि मग ती गोष्ट, जी पुस्तकात वाचून कळली नसती. टाके सगळे एकाच खोलीचे घालायचे नाहीत. एक खोल, एक उथळ, पुन्हा एक खोल. कापड धाग्याच्या सरळ रेषेत कापलेलं असेल आणि सगळे टाके कडेपासून नेमक्या सारख्या अंतरावर पडले, तर ते सगळे त्याच एका आडव्या धाग्याला धरून बसतात. ताण आला की तो धागा सरकतो आणि टाक्यांची सबंध रांग झालरीसारखी अलगद सुटून हातात येते. सुबक दिसणारं काम पहिल्यांदा फसतं. खाली-वर पडलेल्या टाक्यांना मात्र निरनिराळे धागे धरावे लागतात, आणि भार वाटला जातो. इतकी वर्षं मी नीटनेटकेपणा हीच शिवणाची कसोटी समजत होते. माशीमांच्या लेखी कसोटी एकच होती: कापडाचा ताण कुठे जातो ते टाका घालणाऱ्याला ठाऊक आहे का.

घट्ट ओढू नको, हे त्या सतत सांगत. टाका आवळला की कड गोळा होते, जाड कणा तयार होतो आणि इस्त्री फिरवली की उलट बाजूचा तो कणा सुलट बाजूवर रेघ होऊन उमटतो. सैल ठेवला तर धागा टाक्याखालून निसटतो. मधलं माप फक्त बोटांना कळतं. मलमलीसारख्या तलम कापडाला याहून वेगळी वागणूक लागते. तिची कड अंगठा आणि तर्जनी किंचित ओली करून आत वळत न्यायची आणि त्या वळीवर बारीक टाके टाकायचे. आजीला करंजीची मुरड घालताना पाहिलेल्या कुणालाही ही हालचाल लगेच जमेल; तिथेही कड चिमटीत वळते, पुढे सरकते, आणि आतलं सारण बाहेर येऊ नये एवढाच तिचा हेतू असतो.

बालीगंज हे या कामाचं नुसतं बाजाराचं ठिकाण नाही. इथल्या एका रस्त्याचा इतिहास पाहिला की सुईदोऱ्याची बरीच कहाणी सापडते. आज ज्याला गुरुसदय रोड म्हणतात तो पूर्वी बालीगंज स्टोअर रोड होता. या स्टोअर रोडवर सत्येंद्रनाथ ठाकूर आणि ज्ञानदानंदिनी देवींचं घर होतं. सत्येंद्रनाथ म्हणजे रवींद्रनाथांचे थोरले भाऊ आणि आयसीएस झालेले पहिले भारतीय. त्यांची सगळी नोकरी मुंबई इलाख्यात झाली. ते मराठी शिकले, तुकारामांचे अभंग त्यांनी बंगालीत नेले, आणि 1897 मध्ये साताऱ्याचे न्यायाधीश म्हणून निवृत्त झाले.

ज्ञानदानंदिनी 1864 मध्ये नवऱ्याबरोबर मुंबईला निघाल्या तेव्हा प्रश्न होता तो नेसण्याचा. त्या काळची बंगाली स्त्री घरात एकवस्त्रा असे. बाहेर पडायचं नसेच, त्यामुळे बाहेर पडण्याजोगा वेशही नव्हता. प्रवासासाठी फ्रेंच शिंप्याकडून एक पोशाख शिवून घेतला गेला. तो इतका अवघड निघाला की त्यांना तो स्वतःचा स्वतः चढवताही येईना. मुंबईत त्यांनी पारशी बायकांची साडी पाहिली, तिच्यात आपल्या सोयीचे फेरफार केले आणि आत झंपर, परकर घालून, निऱ्या काढून, पदर डाव्या खांद्यावर टाकून नेसण्याची रीत कलकत्त्याला नेली. ही रीत इतर बायकांना शिकवण्याची तयारी त्यांनी ‘बामाबोधिनी पत्रिके’त जाहीरही केली. ब्राह्मसमाजातल्या घरांनी ती आधी उचलली, म्हणून तिला ब्राह्मिका साडी हे नाव पडलं.

या बदलाकडे बहुतेक वेळा पदर आणि निऱ्यांच्या अंगानं पाहिलं जातं. मला त्यात कात्री दिसते. एकवस्त्रात कापणं जवळजवळ नव्हतं. होता तो विणकरानं दिलेला काठ आणि टोकाच्या दोन कडा. झंपर आला, परकर आला, आणि एका बाईच्या अंगावर एकदम हातांच्या, गळ्याच्या, बगलेच्या, घेराच्या कितीतरी कापलेल्या कडा आल्या. त्यांतल्या गळ्याच्या, बगलेच्या कडा गोलाईत कापलेल्या, म्हणजे कुठेच धाग्याच्या रेषेला धरून नसलेल्या. बाई घराबाहेर पडली ती या कडा अंगावर घेऊन. त्या कुणीतरी आतून सांभाळायच्या होत्या, आणि हे सांभाळणं बहुतेक घरांत बाईकडेच आलं. शिंपी कापून, टीप मारून देई. दिवा लागल्यावर कडा घरात शिवल्या जात.

त्याच रस्त्याला पुढे गुरुसदय दत्तांचं नाव मिळालं. तेही आयसीएस. त्यांच्या पत्नी सरोजनलिनी नवऱ्याच्या बदल्यांबरोबर बंगालच्या जिल्ह्याजिल्ह्यांत फिरल्या आणि जिथे गेल्या तिथे महिला समित्या काढत गेल्या. पहिली 1913 मध्ये पाबन्याला. आरोग्य, बाळंतपण, बालसंगोपन यांच्या जोडीला या समित्यांमध्ये शिवणकाम होतं. जानेवारी 1925 मध्ये, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, त्या गेल्या. गुरुसदयांनी त्याच वर्षी त्यांच्या नावानं संस्था सुरू केली. सरोजनलिनी दत्त मेमोरियल असोसिएशनची इमारत आज बालीगंज स्टेशन रोडवर आहे, आणि बायकांना हातानं कमावता यावं म्हणून शिवण-विणकाम शिकवणं हा तिच्या कामाचा गाभा राहिला.

मराठी वाचकाला इथे पुण्याची सेवासदन संस्था आठवल्याशिवाय राहणार नाही. 1909 मध्ये रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी ती उभी केली, आणि तिथेही अक्षरओळखीच्या बरोबरीनं शिवण होतं. रमाबाई गेल्या 1924 मध्ये, सरोजनलिनी पुढच्या वर्षी. दोघींचा एकमेकींशी परिचय होता की नाही, त्यानं काही बिघडत नाही. अडचण सारखीच होती, म्हणून उत्तर सारखं निघालं. विधवेला, टाकलेलीला, गरिबाघरच्या मुलीला असं काम हवं होतं ज्याला भांडवल थोडं लागेल, जे घरात बसून करता येईल आणि ज्याकडे पाहून सासरचे भुवया उंचावणार नाहीत. सुई या तिन्ही अटींत बसे. पण याच गुणांमुळे सुईच्या कामाला कधी नीट दाम मिळाला नाही. जे काम घरात, फावल्या वेळात, आवाज न करता होतं, त्याला लोक कामच समजत नाहीत.

सुईला चाकं लागली तेव्हाही हा प्रश्न सुटला नाही. आपल्या अनेक घरांत आईच्या माहेराहून आलेली उषा मशीन असे. ती जय इंजिनीअरिंगची, आणि तिचा मोठा कारखाना इथून जवळच, प्रिन्स अन्वर शाह रोडवर होता. त्या जागेवर आता साउथ सिटीचे उंच मनोरे आणि मॉल आहे, आणि मॉलमधल्या जवळजवळ प्रत्येक कपड्याची कड आतून ओव्हरलॉक केलेली आहे. ओव्हरलॉकची मशीन कापते आणि त्याच दमात कडेवर दोऱ्यांची साखळी गुंफते. तिला वेग आहे, आणि जाड कापडावर तिच्याइतकं टिकाऊ काम हातानं होणार नाही. हातशिलाईचा आग्रह धरताना हे कबूल करावंच लागतं. पण मोकळ्या विणीच्या कापडाला तिचे ताणलेले दोरे सोसत नाहीत. कड लाटेसारखी वरखाली होते, आणि साखळीतला एक दोरा तुटून त्याचं टोक ओढलं गेलं तर बरीच लांबी भराभर सुटत जाते. हातच्या टाक्यात एखादा तुटला तर शेजारचे उभे राहतात.

कापणारा एक आणि कड सांभाळणारा दुसरा, ही वाटणी बंगालनं शिवणापलीकडेही भोगली आहे. 1947 मध्ये फाळणीची रेघ आखायला सिरिल रॅडक्लिफ जुलैत आले. त्याआधी त्यांनी हा देश पाहिलेला नव्हता. ऑगस्टच्या मध्यावर ते निघून गेले आणि परत कधी आले नाहीत. टांगाईलचे बसाक विणकर रेघेच्या या बाजूला फुलिया आणि समुद्रगडला आले आणि त्यांनी माग पुन्हा मांडले. गडियाहाटच्या दुकानांत आज टांगाईल म्हणून जी साडी उलगडून दाखवतात ती बहुधा तिथून आलेली असते. कलकत्त्याच्या दक्षिण भागात निर्वासितांच्या वसाहती उठल्या, आणि त्यांतल्या कित्येक घरांची चूल बायकांच्या शिवणकामावर पेटली. आखलेल्या रेघेचा हिशेब सरकारी कागदांत सापडतो. शिवलेल्या टाक्यांचा कुठेच नाही.

गुरुसदय दत्तांनी या नोंद नसलेल्या कामाचा एक मोठा साठा मात्र वाचवला. खेड्यापाड्यांतून फिरताना त्यांनी कांथा गोळा केल्या. आज त्या शहराच्या दक्षिणेला जोक्याच्या गुरुसदय संग्रहालयात आहेत. कांथा म्हणजे आपल्या गोधडीची बंगाली बहीण: जुन्या, विरलेल्या साड्या-धोतरांचे थर एकावर एक ठेवून सबंध अंगावर धावदोरा घालायचा. एखादी पांघरायची, एखादी पोथी बांधायची, एखादी आरसा-कंगवा गुंडाळायची. त्या संग्रहात मानदासुंदरी दासी या बाईनं वडिलांसाठी केलेली कांथा प्रसिद्ध आहे. तिनं आपलं नाव तिच्यावर टाक्यांनी लिहून ठेवलं. बाकीच्या बहुतेक कांथांच्या कर्त्या अनाम आहेत.

कांथा पाहताना मला सर्वांत विचार करायला लावलं ते तिच्या दोऱ्यानं. हा दोरा बाजारातून आणलेला नसे. साडी जुनी झाली की तिच्या रंगीत काठातून बायका एकेक धागा उसवून काढत, लाल, निळे, काळे, आणि त्यांनीच ती साडी शिवत. जो काठ आयुष्यभर उसवला नव्हता तो हातानं, मुद्दाम, धाग्याधाग्यानं मोकळा केला जाई. उसवणं म्हणजे नासाडी, असं धरून चालणाऱ्या मला हा हिशेब उलटा वाटला. इथे उसवणं हीच शिवणाची पहिली पायरी होती. काही कांथांच्या कडेला साडीच्या काठासारखीच नक्षी भरलेली दिसते. म्हणजे काठ मोडून धागा मिळवला, आणि त्या धाग्यानं पुन्हा काठ घातला.

रफू करणारेही हेच करतात. शालीला भोक पडलं तर तिच्याच कुठल्यातरी दडलेल्या कोपऱ्यातून धागा काढून भोक विणतात, म्हणजे रंग आणि पोत जुळतो. माशीमा ब्लाउजच्या कडेसाठी तेच सांगत: कापून उरलेल्या चिंधीतून लांब धागा काढ, मेण लावून घे आणि त्यानं शिव. तो त्या कापडाइतकाच आटतो, त्याच्याबरोबरच फिका पडतो. त्या चिंध्या मी ठेवू लागले तेव्हा मला आमच्या घरातली एक रीत नव्यानं समजली. बीजेच्या चंद्रकोरीला अंगावरच्या वस्त्राची दशी वाहायची आणि म्हणायचं, जुनं घे, नवं दे. लहानपणी मला ती निव्वळ मागणी वाटे. पण देवाला द्यायला निवडली गेली होती ती नेमकी कापडाची सुटलेली कड. तिला कचरा मानणाऱ्या घरात ही रीत रुजली नसती.

आता मी ब्लाउज शिवायला टाकते तेव्हा शिंप्याला दोन गोष्टी सांगते: शिवणीत भरपूर माया सोड आणि ओव्हरलॉक करू नकोस. तो हसतो, कारण गिऱ्हाइकाची घाई त्याला परिचयाची आहे, गिऱ्हाइकाचा सवड काढण्याचा हट्ट नाही. घरी आणून कडा मी स्वतः शिवते. यात पुण्य काही नाही. मला ते काम आवडतं आणि परवडतं. ज्यांना परवडत नाही त्यांनी मशीनवर कड मारून घ्यावी, कापड जगलं म्हणजे झालं. पण जिथे हातानं शिवलेली कड विकत घ्यायची आहे, कांथाच्या ओढणीची, मलमलीच्या रुमालाची, तिथे किमतीची घासाघीस करताना उलट बाजू एकदा पाहावी. नक्षीचे पैसे आपण खुशीनं देतो. कडेला लागलेले तास त्याच रकमेत फुकट घालायला लावतो.

विणकरानं काठ देऊन आपलं काम पुरं केलेलं असतं. त्यानंतरची प्रत्येक कड कापणाऱ्याची असते: मग तो शिंपी असो, डिझायनर असो, की आपल्या मापाचा कपडा हवा म्हणणारे तुम्ही-आम्ही. कात्री उचलणाऱ्यानं एक तर सुई चालवायला शिकावं, नाहीतर सुई चालवणाऱ्याची मजुरी कापड कापायच्या आधी बाजूला काढून ठेवावी.